शंभर डॉलरचा धडा



गेल्या महिन्यात एका संध्याकाळी आमच्या शेजारची दहावीतली मुलगी विज्ञानाचे पुस्तक घेऊन आमच्याकडे आली. तिला एक आकृती समजावून घ्यायची होती. तिच्या पाठोपाठ तिची आईही, भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन, उंबऱ्यात येऊन उभी राहिली. "भाऊ, ही म्हणते माणूस माकडापासून झाला. मग आताची माकडं माणसं का होत नाहीत?" आम्ही उत्तर देणार तोच तिने दुसरा प्रश्न टाकला. "आणि हे शिकून हिला नोकरी लागणार आहे का? सर तर म्हणाले, हा धडा घरी वाचून घ्या."

आम्ही दोन्ही प्रश्नांना हसलो नाही. पहिला प्रश्न भले भले पदवीधर विचारतात. दुसरा प्रश्न तर आपल्या प्रत्येक घरातला आहे. चार घरची धुणीभांडी करून मुलीची फी भरणाऱ्या बाईला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे.

पहिल्याचे उत्तर आम्ही असे दिले. ताई, आजचे माकड हे आपले आजोबा नव्हेत, ते आपले भाऊबंद. एका खापरपणजोबाची दोन घराणी दोन गावांना गेली, तिकडेच वाढली, पुढे एकमेकांची ओळखही राहिली नाही, तसे हे आहे. चिंपांझी आणि माणूस यांची घराणी सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. प्रत्येक पिढीत पिल्लापिल्लांत थोडा थोडा फरक असतो. ज्याचा फरक त्या जागेच्या हवापाण्याला, अन्नाला जुळतो, त्याची पिल्ले जास्त जगतात. असे लाखो वर्षे घडत गेले की घराणीच बदलून जातात. चार्ल्स डार्विन यांनी हा विचार १८५९ साली ग्रंथरूपाने मांडला आणि १८७१ साली माणसालाही तोच नियम लावून दाखवला. चुलत्याच्या घरचा मुलगा आपल्या घरचा का होत नाही, असे आपण विचारत नाही. तसेच हे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके झटपट देता येईना. त्यासाठी आम्हाला शंभर वर्षांपूर्वीच्या एका खटल्याची गोष्ट सांगावी लागली. तीच या आठवड्यात आपल्यासमोर ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी नावाचे राज्य आहे. तेथील विधिमंडळात जॉन बटलर नावाचे एक शेतकरी आमदार होते. त्यांनी विधेयक मांडले की सरकारी पैशावर चालणाऱ्या कोणत्याही शाळेत वा विद्यापीठात, बायबलातील मानवाच्या निर्मितीची कथा नाकारणारी आणि माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सांगणारी शिकवण कोणी देऊ नये. जो शिक्षक देईल त्याला १०० ते ५०० डॉलर दंड. खालच्या सभागृहात ७१ विरुद्ध ५ मतांनी विधेयक मंजूर झाले, वरच्या सभागृहात २४ विरुद्ध ६. २१ मार्च १९२५ रोजी राज्यपाल ऑस्टिन पे यांनी सही केली आणि कायदा झाला.

आता विचार करा, डार्विनचा ग्रंथ निघून तोवर ६६ वर्षे उलटली होती. मग कायदा करायची घाई १९२५ सालीच का झाली? आमच्या मते याचे मोठे कारण हायस्कुलात आहे. जोवर हे ज्ञान श्रीमंतांच्या मुलांच्या कॉलेजात होते, तोवर ते कोणाला फारसे बोचले नाही. १९१० नंतरच्या पंधरा वर्षांत टेनेसीत हायस्कुले निघाली आणि शेतकऱ्यांची, मजुरांची मुले तेथे कित्येक पटींनी जाऊ लागली. तेच पुस्तक गरिबाच्या पोराच्या हाती पडले आणि लगेच कायदा आठवला. ज्ञान वरच्या माळ्यावर असते तोवर कुलूप लागत नाही, ते खाली उतरू लागले की कुलूप शोधले जाते. हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये १९२० साली नागरी स्वातंत्र्यासाठी झटणारी एक संघटना स्थापन झाली होती. तिने टेनेसीच्या वृत्तपत्रात जाहीर केले की, या कायद्याची कसोटी पाहायला एखादा शिक्षक पुढे आला तर त्याचा खटला आम्ही लढवू. डेटन नावाच्या सुमारे अठराशे वस्तीच्या गावात ही बातमी जॉर्ज रॅपलिया यांनी वाचली. ते तेथल्या कोळसा व लोखंड कंपनीचे व्यवस्थापक. गावाचे वैभवाचे दिवस सरले होते, धंदा बसला होता. रॅपलिया यांना तो कायदाही पटत नव्हता, आणि खटला आपल्या गावात झाला तर गावाचे नाव देशभर होईल, चार पैसे येतील, हेही त्यांनी हेरले. ५ मे १९२५ रोजी रॉबिन्सन यांच्या औषधाच्या दुकानात टेबलाभोवती बैठक बसली. गंमत पाहा, हे रॉबिन्सन शाळा मंडळाचे अध्यक्ष, आणि शाळेची पुस्तकेही त्यांच्याच दुकानात मिळायची. ज्या पुस्तकावरून खटला होणार, ते त्यांच्याच फळीवर विक्रीला होते! तेच पुस्तक सरकारने नेमलेले आणि तेच शिकवणे सरकारच्याच कायद्याने गुन्हा. शिक्षकाने करावे तरी काय?

टेनिस खेळत असलेल्या एका तरुण शिक्षकाला बोलावणे धाडले. तो जॉन स्कोप्स, वय २४. फुटबॉलचा प्रशिक्षक, गणित-विज्ञान शिकवणारा. जीवशास्त्राचे नेहमीचे शिक्षक तर मुख्याध्यापक होते. त्यांच्या गैरहजेरीत याने काही तास घेतले होते, एवढेच. उत्क्रांतीचा धडा आपण नक्की शिकवला की नाही, हेही त्याला धड आठवत नव्हते. पण तो म्हणाला, जीवशास्त्र शिकवायचे आणि उत्क्रांती वगळायची, हे शक्यच नाही. खटल्याला उभा राहशील का, असे विचारले, तो हो म्हणाला आणि परत खेळायला गेला.

या पोराच्या अंगी हे बळ कोठून आले? त्याचे वडील इंग्लंडहून आलेले रेल्वे कामगार होते, कामगार संघटनेतले पक्के माणूस. घरात पुस्तके होती, वाद होत होते, आणि जे पटते ते बोलण्याची मोकळीक होती. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. मुलाचा खटला उभा राहिला तेव्हा वडील डेटनला आले. कामगाराच्या घरात मुलांसमोर काय बोलले जाते, त्याला किती किंमत असते, ते यावरून समजावे.

आता दोन्ही बाजूंचे वकील पाहू. फिर्यादीच्या बाजूने उभे राहिले विल्यम जेनिंग्ज ब्रायन. तीन वेळा, १८९६, १९०० आणि १९०८ साली, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार, पुढे देशाचे परराष्ट्रमंत्री. वाचकांनी त्यांना खलनायक समजू नये. हा माणूस शेतकऱ्यांचा कैवारी होता. स्त्रियांना मत मिळावे म्हणून बोलला. १९०६ साली हिंदुस्थानात येऊन गेला आणि इंग्रजी राज्यावर त्याने कडक टीका लिहिली. त्याची भीती अशी होती की, डार्विनच्या नावाने 'बळी तो कान पिळी' हाच निसर्गाचा नियम ठरेल, आणि धनदांडगे नि युद्धखोर त्याचा आधार घेतील. ही भीती अगदीच खोटी नव्हती, त्याविषयी पुढे सांगू. पण त्याने उपाय काढला तो चुकीचा. तो म्हणे, शाळेचा पगार जनता देते, म्हणून बहुसंख्य जनतेला जे मान्य तेवढेच शिक्षकाने शिकवावे.

बंधू-भगिनींनो, हा मुद्दा वरवर लोकशाहीचा दिसतो. पण सत्य काय ते हात वर करून ठरत नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे बहुमताने मंजूर झाले म्हणून ती फिरू लागली नाही. आणि बहुसंख्यांना जे मान्य तेच खरे, हा नियम धरला असता तर ज्यांना पाणवठ्यावर बंदी होती त्यांनी न्याय कोणाकडे मागायचा होता?

बचावाच्या बाजूने होते क्लॅरेन्स डॅरो, वय ६८. रेल्वे कंपनीच्या वकिलीची नोकरी सोडून १८९४ च्या मोठ्या संपात कामगार पुढारी यूजीन डेब्ज यांची बाजू घेणारे. एके काळी याच डॅरोंनी ब्रायन यांना निवडणुकीत पाठिंबा दिला होता. त्यांच्या जोडीला डडली मलोन, आर्थर गारफिल्ड हेज हे वकील. मलोन तर पूर्वी ब्रायन यांच्याच हाताखाली परराष्ट्र खात्यात होते.

योगायोग आणखी एक. स्कोप्स ज्या हायस्कुलातून १९१९ साली बाहेर पडला, त्या इलिनॉयमधल्या सेलम गावच्या शाळेच्या निरोप समारंभात प्रमुख वक्ते ब्रायन हेच होते. सेलम हे ब्रायन यांचे जन्मगाव. सहा वर्षांनी तोच वक्ता, तोच विद्यार्थी, समोरासमोर कोर्टात.

१० जुलै १९२५ रोजी खटला सुरू झाला. न्यायाधीश जॉन रॉल्स्टन. गावात जत्राच भरली. दुकानांवर माकडांची चित्रे लागली, अंगात सूट घातलेला एक चिंपांझीही आणला गेला. देशभरचे पत्रकार आले. एच. एल. मेंकेन या पत्रकाराने दिलेले 'माकड खटला' हे नाव जगभर झाले. शिकागोच्या आकाशवाणी केंद्राने कोर्टाचे कामकाज थेट ऐकवले. अमेरिकेत असे पहिल्यांदाच घडत होते. कोर्टाचे काम प्रार्थनेने सुरू होई, त्याला डॅरोंनी हरकत घेतली. ती मानली गेली नाही.

सरकारी बाजूने साक्षीला शाळकरी मुले उभी केली. त्यात एक १४ वर्षांचा विद्यार्थी होता. सरांनी काय शिकवले ते त्याने सांगितले. पृथ्वी आधी तप्त होती, मग समुद्रात बारीक जीव झाला, त्यातून पुढचे जीव झाले, आणि माणूस सस्तन प्राणी आहे. डॅरोंनी त्याला विचारले, हे शिकून तुझे काही बिघडले का? मुलगा म्हणाला, नाही. आमच्या मते साऱ्या खटल्याचा निकाल त्या एका शब्दात लागला होता. पण कोर्टाचा निकाल निराळा असतो.

बचाव पक्षाने मोठमोठे शास्त्रज्ञ आणले होते. त्यांतले कित्येक स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होते. धर्म मानूनही उत्क्रांती मानता येते, हे ते सांगणार होते. ब्रायन यांनी पाठ्यपुस्तकातली आकृती कोर्टाला दाखवली. सस्तन प्राण्यांच्या ३,५०० जातींचे एक लहानसे वर्तुळ, त्यात वाघ-सिंहांच्या संगतीला माणसालाही कोंबले, अशी तक्रार केली. लोक हसले. मग मलोन उठले. मुलांची मने कोंडू नका, दोन्ही बाजू ऐकू द्या, सत्याला पोलिसांची किंवा कायद्याची गरज नसते, अशा आशयाचे ते भाषण इतके प्रभावी झाले की, ब्रायनच्या भक्तांनीही टाळ्यांचा कडकडाट केला. तरी न्यायाधीशांनी शास्त्रज्ञांच्या साक्षी ज्यूरीपुढे येऊ दिल्या नाहीत. साक्ष झाली ती एकाच प्राणिशास्त्रज्ञाची, आणि तीही ज्यूरीला बाहेर काढून. बाराजणांची ज्यूरी, त्यात बहुतेक शेतकरी. त्यांच्या वाट्याला खटल्यातले फारच थोडे आले.

२० जुलैला उकाडा असह्य झाला, गर्दीच्या वजनाने इमारतीला धोका वाटू लागला, म्हणून कोर्ट बाहेर हिरवळीवर भरवले. तेथे अघटित घडले. बचावाच्या वकिलांनी फिर्यादीच्या वकिलालाच, म्हणजे ब्रायन यांना, बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावले. आणि तेही उभे राहिले! झाडांच्या सावलीत सुमारे दोन तास प्रश्नोत्तरे चालली. योना या प्रेषिताला महाकाय माशाने गिळले, हे खरे मानता का? यहोशवाने सूर्य थांबवला म्हणता, मग थांबले कोण, सूर्य की पृथ्वी? काईनला बायको कोठून मिळाली? सहा दिवसांत सृष्टी झाली, तर ते दिवस चोवीस तासांचे होते का? या शेवटच्या प्रश्नावर ब्रायन म्हणाले, चोवीस तासांचेच असतील असे नाही, तो दीर्घ काळही असू शकेल.

डॅरोंना हेच हवे होते. ग्रंथातल्या शब्दाचा अर्थ लावण्याची मोकळीक ब्रायन साहेब स्वतः घेतात. मग तीच मोकळीक शाळामास्तराने घेतली तर तो गुन्हेगार कसा? दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ही सारी साक्ष कामकाजातून काढून टाकली. पण वृत्तपत्रांनी ती जगभर पोहोचवली होती.

२१ जुलैला डॅरोंनी स्वतःच ज्यूरीला सांगितले की दोषी ठरवा, म्हणजे आम्हाला वरच्या कोर्टात जाता येईल. ज्यूरीने नऊ मिनिटांत निकाल दिला. स्कोप्स दोषी. न्यायाधीशांनी १०० डॉलर दंड ठोठावला. आरोपीला काही म्हणायचे आहे का, हे विचारायचेच राहून गेले. वकिलांनी आठवण केली, तेव्हा साऱ्या खटल्यात पहिल्यांदा स्कोप्स बोलला. तो एवढेच म्हणाला की, हा कायदा अन्यायाचा आहे आणि मी पुढेही त्याला विरोध करीत राहीन. पाचच दिवसांनी, २६ जुलै रोजी, ब्रायन यांना डेटनमध्येच झोपेत मृत्यू आला.

अपिलाचे काय झाले? टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ साली कायदा वैध ठरवला, पण स्कोप्सची शिक्षा रद्द केली. कारण काय, तर त्या राज्याच्या घटनेप्रमाणे ५० डॉलरपेक्षा जास्त दंड ज्यूरीनेच ठरवायला हवा, तो न्यायाधीशांनी ठरवला! शिक्षा गेली, पण कायदा राहिला. वरच्या कोर्टात जायची वाटही बंद झाली, कारण ज्याला शिक्षाच नाही त्याने तक्रार कशाची करायची? तांत्रिक कारणावर न्याय कसा निसटतो, हे कोर्टकचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या लोकांना ठाऊक आहे.

स्कोप्सने प्रसिद्धीचा धंदा केला नाही. डेटनला आलेल्या शास्त्रज्ञांनी वर्गणी जमवून त्याला शिष्यवृत्ती दिली. तो शिकागो विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकला आणि पुढे तेल कंपन्यांत भूगर्भतज्ज्ञ म्हणून राबला. केंटकी राज्यात शिक्षिका असलेल्या त्याच्या बहिणीने भावाचे मत नाकारले नाही, म्हणून तिची नोकरी गेली. खटला एकावर चालतो, किंमत सारे घर मोजते.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगणे आमचे कर्तव्य आहे, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. ज्या पुस्तकासाठी हा लढा झाला, ते जॉर्ज हंटर यांचे १९१४ सालचे जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक. त्यात उत्क्रांती होती, आणि त्याच पुस्तकात मानवाचे पाच वंश सांगून गोऱ्या वंशाला सर्वांत वरची पायरी दिली होती. त्यात सुप्रजननाचा, म्हणजे 'चांगल्या' वाणाचीच माणसे पैदा व्हावीत या विचाराचा धडा होता. दारिद्र्य, रोग, गुन्हेगारी असलेल्या कुटुंबांना तेथे बांडगुळे म्हटले होते आणि त्यांना मुले होऊ नयेत असे सुचवले होते. ब्रायन यांची भीती अगदीच खोटी नव्हती असे आम्ही म्हटले ते यासाठी. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर अशा 'नालायक' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करणारा व्हर्जिनिया राज्याचा कायदा वैध ठरवला.

ही भाषा आपल्याला अनोळखी नाही. जातिव्यवस्था म्हणजे रक्त शुद्ध राखण्याचे शास्त्र, असे आपल्याकडचे पंडितही सांगत होते. १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी नेमक्या या सुप्रजननाच्या युक्तिवादाचा समाचार घेतला आणि जात म्हणजे वंश नव्हे, हे दाखवून दिले. आजचे विज्ञानही हेच सांगते. पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत सुमारे ९९.९ टक्के साम्य असते. आपणा सर्वांचे मूळ आफ्रिकेतले आहे. म्हणजे हंटरच्या पुस्तकातली उत्क्रांती टिकली आणि पायऱ्यांची उतरंड कोसळली. कोसळवली कोणी? पुढच्या अभ्यासानेच. विज्ञान आपली चूक आपणच शोधते, हे त्याचे मोठेपण. पण विज्ञानाचे पुस्तकही पोथीसारखे डोळे मिटून वाचले, तर तीही पोथीच होते. हे आम्ही त्या मुलीला मुद्दाम सांगितले.

टेनेसीच्या शाळा तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या होत्या. डेटनच्या त्या हायस्कुलात काळ्या मुलाला प्रवेशच नव्हता. डॅरो डेटनहून परतले आणि काही महिन्यांतच डेट्रॉईट शहरात दुसऱ्या खटल्याला उभे राहिले. ओसियन स्वीट नावाच्या काळ्या डॉक्टरांनी गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले होते. सप्टेंबर १९२५ मध्ये जमावाने घराला वेढा घालून दगडफेक केली. आतून गोळी सुटली, बाहेरचा एक गोरा मेला, आणि घरातल्या सगळ्यांवर खुनाचा आरोप आला. डॅरो आणि हेज यांनीच बचाव केला. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. पुढे मे १९२६ मध्ये डॉक्टरांचे धाकटे भाऊ हेन्री निर्दोष सुटले. घर मिळण्याचा आणि धडा शिकण्याचा हक्क वेगवेगळे दिसतात, पण तुझी पायरी कोणती ते आम्ही ठरवू, असे म्हणणारा दोन्हीकडे एकच असतो. काळ्या जनतेचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी डेटन म्हणजे कोठल्या तरी खेड्यातला विनोद समजू नका, हे साऱ्या देशाचे दुखणे आहे, असे आपल्या मासिकात बजावले होते. याच डुबॉइस यांना पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

डेटनच्या खटल्यानंतर डॅरो जिंकले, असे पुष्कळ लोक समजतात. खरे म्हणजे मुले हरली. मिसिसिपीने १९२६ साली आणि अर्कान्सा राज्याने १९२८ साली तसेच कायदे केले. प्रकाशकांनी गुपचूप पुस्तकांतून उत्क्रांती कमी केली, कोठे शब्दच काढला. कोणी आरडाओरड केली नाही, कारण गाळलेल्या धड्याचा आवाज होत नाही. तीस-पस्तीस वर्षांच्या मुलांना तो नीट मिळालाच नाही. १९५७ साली रशियाने उपग्रह सोडला, तेव्हा विज्ञानात आपण मागे पडलो म्हणून अमेरिका जागी झाली आणि नवी पुस्तके निघाली.

टेनेसीचा कायदा रद्द झाला तो १९६७ साली, म्हणजे ४२ वर्षांनी. अर्कान्साचा कायदा मोडला एका शिक्षिकेने. सुझन एपर्सन त्यांचे नाव. त्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कुलात जीवशास्त्र शिकवीत. हे तेच हायस्कूल, जेथे १९५७ साली नऊ काळ्या मुलांना सैन्याच्या पहाऱ्यात वर्गात जावे लागले होते. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एपर्सनबाईंच्या बाजूने निकाल दिला की, एखाद्या धर्ममताला पटत नाही म्हणून शाळेत विज्ञानाला बंदी घालता येणार नाही. तरी वाद थांबला नाही. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या पालकांना पुन्हा कोर्टात जावे लागले, कारण तेथल्या शाळा मंडळाने धर्ममताला विज्ञानाचा अंगरखा घालून वर्गात आणले होते. पालक जिंकले.

आपल्याकडे काय? जानेवारी २०१८ मध्ये केंद्रातले तेव्हाचे शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सांगितले की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिला नाही, आणि अभ्यासक्रमातून तो बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर विरोध केला. पुढे २०२३ साली कळले की, एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आहे. करोनानंतर मुलांवरचे ओझे कमी करायचे, असे कारण दिले गेले. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे, असेही सांगितले गेले. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा होता.

'बारावीत आहे ना' हे ऐकून आम्ही थबकलो. बारावीला जीवशास्त्र घेणारी मुले कोण? आपली किती मुले दहावीनंतर आयटीआयला जातात, किती कॉमर्सला, किती थेट कामाला? ज्याचे शिक्षण दहावीत थांबते, त्याला हा धडा आयुष्यात पुन्हा भेटत नाही. धडा वगळला तर तो सर्वांसाठी सारखा वगळला जात नाही. ज्याच्या घरी दुसरे पुस्तक नाही, त्याच्यापुरता तो कायमचा जातो.

आपल्या संविधानाच्या २८ व्या कलमाने पूर्णतः सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. १९७६ साली जोडलेल्या ५१ क कलमाने वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. डेटनच्या मास्तराला जे मिळवायला कोर्टात उभे राहावे लागले, ते आपल्याला कागदावर मिळालेले आहे. ते वर्गात उतरते की नाही, हे पाहायचे काम आईबापांचे. पालकसभेला जाल तेव्हा फी आणि मार्क यांच्या जोडीला एवढेही विचारा, की कोणता धडा शिकवला नाही आणि का शिकवला नाही.

म्हणून ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही असे उत्तर दिले. हा धडा नोकरी देणार नाही. पण उद्या कोणी हिला सांगेल की तू जन्मानेच खालच्या पायरीवरची, तुझे रक्तच वेगळे, तर ते खोटे आहे हे सांगायला हिच्याजवळ पुरावा असेल. तुमच्या-आमच्या आजोबांजवळ तो नव्हता. त्यांनी अपमान ओळखला, लढाही दिला, पण समोरचा पोथीचे पान पुढे करी तेव्हा यांच्या हाती पुस्तक नव्हते.

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या चौदा वर्षांच्या पोराला विचारलं ना कोर्टात, तुझं काय बिघडलं म्हणून? बरं विचारलं." आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, "चल घरी. मी भाकऱ्या थापते, तू तो धडा मोठ्यानं वाच. मलाही ऐकायचाय."